चार वाद्यं आणि एक कसिदा

‘इजिप्तची गायिका उम्म कुल्सुम ऐकली, आवाज भिडला. पण मागे वादकांचा एवढा मोठा ताफा! नुसती कविता, एक गळा आणि चार वाद्यं, असं जुनं अरबी गाणं कुठे ऐकायला मिळेल?’ हे इतक्या जणांनी विचारलंय, की एकदा सविस्तर लिहायलाच हवं होतं. मिळतं, भरपूर मिळतं. शोधायचा शब्द आहे ‘तख्त’.

शब्द आपल्या ओळखीचाच आहे. गायक-वादक ज्या उंच बाकावर बसत, त्याचंच नाव पुढे साथसंगतीला पडलं. तख्तात ऊद (आखूड मानेचं, फुगीर पोटाचं तंतुवाद्य), कानून (आडवं ठेवून छेडायचं, अनेक तारांचं वाद्य), नाय (बोरूची बासरी), व्हायोलिन आणि रिक, बस्स. उदाला पडदे नसतात. कानूनला प्रत्येक स्वरासाठी तीन-तीन तारा, मिळून सत्तरच्या पुढे. स्वर किंचित वर-खाली करणाऱ्या धातूच्या बारीक पट्ट्या त्याला विसाव्या शतकात लागल्या. त्याआधी वादक डाव्या अंगठ्याच्या नखाने तार दाबून तो स्वर काढत. रिक म्हणजे खंजिरीची बहीण. लाकडी कड्याला पाच खाचा आणि प्रत्येक खाचेत झांजांच्या दोन जोड्या. कड्यावर बहुधा माशाचं कातडं ताणलेलं असतं. गायक आलापीत असतो तेव्हा रिक गप्प असतो. कविता तालात शिरली की आधी नुसत्या झांजांची हलकी किणकिण येते आणि मग कातड्यावर ‘दुम’ पडतो. पहिल्यांदा ऐकताना कान तिथे लावा, समेचा पत्ता लागतो.

सगळे एकच चाल वाजवतात, पण जो तो आपल्या हरकती घेऊन. स्वरमेळ नाही. ओळ संपली की वाद्यं तिची शेपटी उचलून छोटा तुकडा वाजवतात, त्याला ‘लाझ्मा’ म्हणतात. मव्वाल, म्हणजे तालाविना गायलेली बोलीभाषेतली कविता, चालू असताना व्हायोलिन गायकाचं वाक्य त्याच्यामागून पुन्हा म्हणतं. सारंगीची साथ ऐकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

ज्या ग्रामोफोन कंपनीने 1902 मध्ये कोलकात्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं, तिचे लोक 1903 मध्ये कैरोत पोचले. पुढे ओडियन आली आणि बैरुतच्या बैदा घराण्याची बैदाफोन. गौहर जान शेवटी आपलं नाव सांगतात, इथे सुरुवातीलाच कुणीतरी कंपनीचं आणि गायकाचं नाव पुकारतो. तेवढ्यावरून तुकडा कुणाचा हे पडताळता येतं. 1925च्या आसपास विजेवरचा मायक्रोफोन येईपर्यंत सगळे कर्ण्यासमोर गात. त्यामुळे गळा ठणठणीत, व्हायोलिन बरं, पण कानून आणि नाय लांबून आल्यासारखे वाटतात. तो वादकांचा दोष नव्हे. मधूनच ‘अल्लाह!’, ‘या शेख!’ अशी दाद येते, ती बहुतेक साथीदारांची.

सुरुवात शेख यूसुफ अल-मन्यलावी यांच्यापासून करा, असं मी ठामपणे सांगेन. ते 1911 मध्ये गेले, म्हणजे सगळी ध्वनिमुद्रणं कर्ण्याच्या काळातली. लेबनॉनच्या ‘आमार’ या संग्रहसंस्थेने त्यांचा 10 सीडींचा संच काढलाय. त्यानंतर एकच कविता दोन काळांत ऐका. अबू फिरास अल-हमदानी हा दहाव्या शतकातला कवी, बायझंटाइनांच्या कैदेत पडलेला. त्याच्या कसिद्यात, म्हणजे एकाच यमकाच्या लांब कवितेत, कुणीतरी त्याला विचारतं, की तू अश्रू अडवून धरतोस, सबुरी हा तुझा स्वभाव, पण प्रेमाचा तुझ्यावर काहीच हुकूम चालत नाही का? ओळ ‘सब्रु’वर थांबते आणि तिची जोडीदार ‘अम्रु’वर. आपली सबुरी याच ‘सब्र’मधून आली. अब्दुह अल-हामूली यांनी बांधलेली याची चाल उम्म कुल्सुम यांनी 1926 मध्ये छोट्या साथीवर गायली. 1960च्या दशकात तीच कविता रियाद अल-सुंबाती यांच्या चालीत, मोठ्या वाद्यवृंदासह. पहिल्यात शब्द पुढे आणि वाद्यं त्याच्या काठाकाठाने. दुसऱ्यात वाद्यवृंद आधी दालन उभं करतो आणि मग शब्द आत येतात. दोन्ही थोर आहेत, पण तुम्ही जे शोधताय ते पहिल्यात आहे.

आता स्वर. इथे पेटीवाल्यांची अडचण होते. मकाम म्हणजे आपल्या रागासारखी स्वरांची चौकट. ‘रास्त’ मकामात गंधार ना कोमल ना शुद्ध, दोन्हींच्या मध्ये. ‘बयाती’त तेच रिषभाचं. गावागणिक तो स्वर थोडा वर-खाली होतो. पेटी समोर असली की कान त्याला कोमलाकडे किंवा शुद्धाकडे ओढतो आणि गाणं बेसूर वाटायला लागतं. पेटी मिटा, नुसता षड्ज धरा आणि तीच तीन-चार मिनिटांची तबकडी चार-पाचदा ऐका. बिचकायला होत असेल तर ‘हिजाज’पासून सुरू करा, त्यातला सा-रे-ग-म भैरवाच्या जवळचा आहे.

षड्ज लावतानाही एक खाच आहे. जुन्या तबकड्या नेमक्या 78 फेऱ्यांच्या नसत. 78ची तबकडी 80ने फिरवून उतरवली तर सगळं गाणं सुमारे 44 सेंट चढतं, जवळजवळ पाव स्वर. स्वरांमधली अंतरं बिघडत नाहीत, पण काळी-पांढरीत षड्ज सापडत नाही. तानपुऱ्याच्या अ‍ॅपमध्ये तो सेंटने सरकवा.

शोध अरबी लिपीत घ्या. अरबी विकिपीडियावरून नाव उचलायचं आणि डकवायचं. इतर लिपींत मन्यलावीचा मिन्यलावी होतो आणि कैरोत ‘ज’चा ‘ग’, म्हणून हिजाजी या नावाचं हिगाझी. नावापुढे ‘कसीदा’, ‘दौर’ किंवा ‘मुवश्शह’ असं गाण्याच्या प्रकाराचं नाव जोडा. ‘तक्सीम’ जोडलंत तर नुसतं वादन हाती लागेल. दहा इंची तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांची, त्यामुळे लांब रचना अनेक बाजूंवर पसरलेल्या असतात आणि अपलोड करणाऱ्यांकडून त्यांचा क्रम चुकतो. कवितेचा मूळ पाठ समोर ठेवून ऐकलं की चूक लगेच कळते. खरखर पार धुऊन काढलेल्या प्रती टाळा, कारण खरखरीबरोबर रिकच्या झांजा आणि नायची फुंकरही जाते. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गालिका’ संग्रहात 1932 मध्ये कैरोत भरलेल्या अरबी संगीत परिषदेची ध्वनिमुद्रणं आहेत. त्यात इराकचे मुहम्मद अल-कुब्बांजी ऐकाच. साथीला संतूर आणि जोझा. जोझा म्हणजे नारळाच्या करवंटीचं गजाचं वाद्य. अरबीत नारळाला ‘हिंदी अक्रोड’ म्हणतात, त्यातलाच हा जोझ.

स्वच्छ ध्वनी हवा असेल तर अलेप्पोचे अदीब अल-दायिख किंवा ‘अल-किंदी’ या वादकसमूहाची ध्वनिमुद्रणं घ्या.

आणि आखाताकडे वळायचं असेल तर ‘सौत’ हा तिथला गाण्याचा प्रकार शोधा. ऊद, व्हायोलिन आणि मिर्वास, म्हणजे हातात धरून बोटांनी वाजवायचे दुतोंडी छोटे ढोल, वर टाळ्यांची गुंतागुंतीची नक्षी. ‘अरबी’ सौत सहा मात्रांचा, ‘शामी’ चारचा. बहारीनचे मुहम्मद बिन फारिस आणि दाही बिन वलीद यांच्या 1930च्या दशकातल्या तबकड्या आधी ऐका. कुवेतमध्ये या प्रकाराचे जनक मानले जाणारे अब्दुल्ला अल-फरज व्यापारी घरातले, एकोणिसाव्या शतकात मुंबईत वाढले आणि गाणंबजावणं तिथेच शिकले.