लाल पेन्सिलीखालचे शब्द

आमच्याकडे इंग्रजी पेपर सुरू करायचं ठरलं तेव्हा आईने एकच चौकशी केली, "त्याच्या रद्दीला भाव जास्त असतो ना?" असतो. एवढ्यावर ठराव मंजूर झाला.

पेपर पुण्याहून एसटीने यायचा. गावात पोचेपर्यंत दुपार व्हायची. संध्याकाळी अण्णा कचेरीतून आले की चहाची बशी बाजूला सारून अग्रलेखाचं पान उघडायचे आणि अडलेल्या शब्दाखाली लाल पेन्सिलीने रेघ ओढायचे. रोज पाच शब्द. ते दोनशे पानी वहीत उतरवायचं काम माझं, डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ.

एका पेपरात दोन इंग्रज्या नांदतात, हे मला त्या वहीने शिकवलं. मथळ्याला जागा कमी, म्हणून तिथे सगळे आखूड शब्द. पोलीस चोराला 'नॅब' करतात, कोर्ट आदेश 'क्वॅश' करतं, मंत्रिमंडळ कशावर तरी 'मल' म्हणजे विचार करत बसतं. घरात बोलताना हे शब्द कोणी वापरत असेल असं मला आजही वाटत नाही. अग्रलेख मात्र धोतर सावरत चालणारा. त्यात 'ड्रेकोनियन', 'इम्ब्रॉलिओ' असली भारदस्त मंडळी. अण्णांचा जीव त्यांच्यात.

पण त्यांना खरा दगा दिला तो ओळखीच्या शब्दाने. कचेरीत त्यांची हयात सँक्शन ऑर्डरी टाइप करण्यात गेलेली. सँक्शन म्हणजे मंजुरी, यात शंका घेण्यासारखं काय आहे? आणि पेपरात इराकवर सँक्शन्स! "मंजुरी मिळाली तर हे लोक रडतायत कशाला?" म्हणत त्यांनी डिक्शनरी काढली. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ निर्बंध निघाला. मंजुरीही तोच आणि मनाईही तोच. "आमच्या साहेबांसारखाच आहे," एवढंच ते म्हणाले आणि वहीत दोन्ही अर्थ लिहायला लावले.

'बॉयकॉट'ची फोड मी स्वतः केली होती. बॉय आणि कॉट, म्हणजे मुलाची खाट. अण्णा पोट धरून हसले. मग कळलं, बॉयकॉट हा चक्क माणूस होता. आयर्लंडमधल्या एका जमीनदाराचा कारभारी. 1880 साली कुळांनी त्याच्याशी व्यवहारच तोडला. पीक काढायला मजूर मिळेना, दुकानदार माल देईनात. आडनावाचं क्रियापद व्हायला पेपरवाल्यांना काही महिने पुरले. पंचवीस वर्षांनी, वंगभंगाच्या वेळी, तेच हत्यार आपण 'बहिष्कार' म्हणून उपसलं. अण्णांना मात्र दुसरा बॉयकॉट जास्त प्रिय, क्रिकेटवाला. 1967 साली लीड्सला त्याने आपल्याविरुद्ध नाबाद 246 केले आणि फार हळू खेळला म्हणून पुढच्या कसोटीतून त्यालाच वगळलं. "बॉयकॉटवर बॉयकॉट!" हा विनोद अण्णांनी प्रत्येक पाहुण्याला ऐकवला आहे. काहींना दोनदा.

या शब्दसंपत्तीच्या जोरावर मी कॉलेजात वक्तृत्व स्पर्धेत उभी राहिले. भाषणात ठेवणीतला 'एपिटोम' काढला, तोही तीनदा. परीक्षक बाई गोड हसल्या. खाली उतरल्यावर हळूच म्हणाल्या, "एपिटमी म्हणतात बाळ त्याला." कान तापले. घरी येऊन सांगितलं तर अण्णाही गप्प. त्यांच्याही तोंडी तो 'एपिटोम'च होता. आम्ही दोघांनी हे शब्द फक्त डोळ्यांनी पाहिले होते, कानावर पडायचे कुठून? वहीत उच्चारासाठी रकानाच नव्हता. दुसऱ्या दिवशी अण्णांनी पट्टी घेऊन तिसरा रकाना आखला आणि रात्री रेडिओवर इंग्रजी बातम्या लावायला सुरुवात केली. त्यातला एखादा रेघ मारलेला शब्द निघाला की ओरडायचे, "आला, आला! लिही!" मी पेन शोधेपर्यंत निवेदक हवामानावर पोचलेला असायचा. तो रकाना बराचसा रिकामाच राहिला.

2017 च्या मे महिन्यात शशी थरूर यांनी ट्विटरवर 'फरागो' हा शब्द वापरला आणि देशभर लोक डिक्शनऱ्या उघडून बसले. पेपरांतही तोच. अण्णा तेव्हा निवृत्त, नजर अधू. फोन आला, "एक शब्द बघ गं, बारीक अक्षर दिसत नाही." मी फोनवर वाचून दाखवलं, सरमिसळ, भेसळ, गोंधळ. मूळ लॅटिन, अर्थ गुरांसाठी कालवलेलं मिश्र खाद्य.

पलीकडे क्षणभर शांतता. मग आतल्या खोलीकडे तोंड करून दिलेली हाक मला फोनमधून स्पष्ट ऐकू आली, "अगं ए, ऐकलंस का? तो खासदार आंबोण म्हणतोय, आंबोण!"