निर्गम ३३

तीन दिवस झाले, बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा हा अध्याय सोडवत नाही.

बुधवारच्या प्रार्थनेत शास्त्रवाचन माझ्याकडे होतं. अकराव्या वचनात वाचलं की मित्राशी बोलावं तसा परमेश्वर इस्राएल लोकांच्या पुढाऱ्याशी, मोशेशी, समोरासमोर बोलत असे. विसाव्या वचनात त्याच मोशेला तो म्हणतो, माझं मुख तुला पाहता येणार नाही, मला पाहून कोणी मनुष्य जिवंत राहत नाही. तिथे माझा आवाज अडखळला. सगळ्यांनी आमेन म्हटलं.

मग साक्षी झाल्या, देवाने आपल्यासाठी काय केलं ते एकेकाने सांगितलं. मावशी उभ्या राहिल्या, म्हणाल्या, आमच्या घरावर देवाची विशेष कृपादृष्टी आहे. त्यांचं खरंच चांगलं झालं, मला आनंद आहे. पण तो 'विशेष' घरी येईपर्यंत सलत राहिला.

विशेष म्हणजे आमच्यावर नाही?

यहुदी नसलेल्या कर्नेल्याच्या घरी येशूचा शिष्य पेत्र म्हणतो, देव पक्षपाती नाही. मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकात मात्र पहिल्याच अध्यायात देवाची याकोबावर प्रीती, आणि त्याच्या सख्ख्या भावाचा, एसावाचा द्वेष. पौलही रोमकरांना तेच पुन्हा लिहितो. स्तोत्र १३९ विचारतं, तुझ्यापासून पळून जाऊ कुठे? दहावं विचारतं, तू दूर का उभा? आणि ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीची एक ओळही नाही. पूर्वी ते मी गाळून पुढे जायचे. या वर्षी तेवढंच एक आपलं वाटलं. दादाचा फोनही नाही आला, पण ते राहू दे.

३१ डिसेंबरच्या उपासनेत मिळालेलं वचनाचं कार्ड आरशाला लावलेलं आहे. इब्री लोकांस पत्र, १३:५. मी तुला सोडणार नाही, टाकणार नाही. रिपोर्ट आला त्या दिवशी ते उलटं करून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी भीती वाटली, सरळ केलं.

काल पाळकसाहेबांना विचारलं. त्यांनी बायबलमधलं 'अनुवाद' हे पुस्तक उघडलं. त्याच्या चौथ्या अध्यायात लोकांनी देवाची फक्त वाणी ऐकली, आकृती पाहिली नाही. पाचव्यात त्याच प्रसंगाला 'समोरासमोर' म्हटलंय. म्हणजे समोरासमोर हे बोलण्याबद्दल आहे, पाहण्याबद्दल नाही. हिब्रूत 'पानीम' म्हणजे मुख, आणि समक्ष असणंही त्याच शब्दाने सांगतात. निर्गम ३३ च्या चौदाव्या वचनातलं 'मी स्वतः येईन' हे शब्दशः 'माझं मुख जाईल' असं आहे. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं शास्त्र मराठीत आणलं, त्याही या शब्दापाशी थांबल्या असतील. ऐकून पटलं. मोशे देवाला भेटायचा त्या तंबूत, दर्शनमंडपात, दर्शन नव्हतं, ढगातून बोलणं होतं. पण पटल्याने सल गेला नाही.

रात्री पुन्हा पहिल्या वचनापासून वाचलं. तिसऱ्या वचनात देव म्हणतो, मी तुमच्याबरोबर येणार नाही, तुम्ही ताठ मानेचे लोक आहात. लोकांनी सोन्याचं वासरू करून पुजलं, ते प्रकरण ताजंच होतं. चौदाव्यात म्हणतो, येईन आणि विसावा देईन. मध्ये काय घडलं? लोकांनी शोक करून दागिने उतरवले, आणि मोशे बोलत राहिला. आणि मागतो काय, तर तुझी कृपादृष्टी माझ्यावर असेल तर तुझे मार्ग दाखव, म्हणजे तुझी कृपादृष्टी माझ्यावर होईल. आहे म्हणून मागतो, आणि व्हावी म्हणूनही मागतो! येईन म्हटल्यावरही थांबत नाही. तू आला नाहीस तर आम्हाला इथून नेऊच नकोस. मग म्हणतो, तुझं तेज दाखव. ज्याच्याशी देव मित्रासारखा बोलायचा, त्यालाही एकदा सांगून पुरत नव्हतं. देव त्याच्यावर रागावला नाही. इथे मी रडले, बराच वेळ.

मी हा अध्याय वाटणीच्या कागदासारखा वाचत होते, कुणाच्या नावावर किती लागलं ते बघत.

शेवटी मोशेसाठी खडकाची भेग, वर देवाचा हात, आणि देवाचं फक्त पाठमोरं दिसणं. बुधवारी हे वाचताना वाटलं होतं, पाठ फिरवली म्हणजे संपलंच. आज बाबा आठवले. आठवडी बाजारात ते पुढे, पिशवी धरून मी मागे. त्या गर्दीतला त्यांचा चेहरा मला आठवतच नाही. घामाने पाठीला चिकटलेला सदरा आठवतो. तो दिसत होता तोवर मी कधी घाबरले नाही.

विसाव्या वचनाचं उत्तर मिळालं असं नाही. ते अजून तिथेच आहे.

उद्या सातला लॅबमध्ये जायचंय, उपाशीपोटी. कार्ड आरशावरून काढून पर्समध्ये ठेवलंय.