तुम्ही विचारलेत म्हणून: घणसोलीची खाडी आणि चंद्रावरचा बर्फ

अवकाश कायद्याचा अभ्यास करतो असे सांगितले की प्रश्न ठरलेला असतो: नवी मुंबईत खाडीकाठच्या घणसोलीत राहून चंद्रावरच्या बर्फाची उठाठेव कशाला? हे उत्तर मला एकदा नीट द्यायचे आहे.

1967 च्या बाह्य अवकाश करारानुसार चंद्रावर कोणत्याही राष्ट्राला मालकी सांगता येत नाही. तरीही तिथून काढलेला माल काढणाऱ्याचा, असे कायदे अमेरिकेने 2015 मध्ये आणि लक्झेंबर्गने 2017 मध्ये केले. त्यांचे समर्थक मासेमारीचा दाखला देतात: समुद्र कोणाचाच नाही, जाळ्यात आलेला मासा मात्र कोळ्याचा.

माझे आजोबा खाडीत पाग, म्हणजे हाताने फेकायचे जाळे, टाकत. खाडी त्यांची नव्हती, मासळी त्यांची होती, आणि त्यावर घर चालत होते. खाडीत भराव टाकण्याआधी जमिनीची मोजणी झाली तेव्हा ज्यांच्या नावावर सातबारा होता त्यांच्या नोंदी झाल्या. आजोबा पाग घेऊनच टेबलापाशी गेले आणि त्याच्या शिशाच्या गोळ्या किती झिजल्या आहेत ते दाखवू लागले, कारण इतक्या वर्षांच्या वहिवाटीचा दुसरा पुरावा त्यांच्यापाशी नव्हता. कारकुनाने मान वर न करता म्हटले, "कागद असेल तर बोला, आजोबा." ते बाजूला झाले, पण घरी आले नाहीत, संध्याकाळपर्यंत तिथेच उभे राहिले. मी त्यांचा हात धरून होतो.

म्हणून मासेमारीचा दाखला मला पटतोही आणि बोचतोही. मासा पुन्हा पैदा होतो. चंद्राच्या ध्रुवांजवळच्या, कधीच ऊन न पडणाऱ्या विवरांतला बर्फ उपसला की संपला. त्याच बर्फातून प्यायचे पाणी, श्वासाचा ऑक्सिजन आणि रॉकेटचे इंधन मिळवायचे आहे. शिवाय बर्फाशेजारी भरपूर सूर्यप्रकाश असलेल्या जागा मोजक्याच आहेत. अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या, चंद्रावरच्या कामाची तत्त्वे सांगणाऱ्या आर्टेमिस करारात कामाभोवती 'सुरक्षा क्षेत्र' आखण्याची तरतूद आहे. ते तात्पुरते असेल असे म्हटले आहे, पण काम वर्षानुवर्षे चालले तर मागून येणाऱ्याने कुठे उतरायचे?

विद्यार्थी असताना मी ठामपणे लिहीत असे की भारताने 1979 च्या चंद्र कराराला मान्यता द्यावी, कारण त्यात ही संपत्ती साऱ्या मानवजातीचा वारसा मानली आहे. भारताने 1982 मध्ये त्यावर सही केली, पण मान्यता आजही दिलेली नाही. 2023 मध्ये मात्र आर्टेमिस करारावर सही केली. त्याच वर्षी चांद्रयान-3 उतरले तेव्हा माझे डोळे भरून आले. आता आधी पोहोचणाऱ्यांत आपणही आहोत, मग तक्रार कसली, असे तुम्ही म्हणता. जुना मी लगेच वाद घालतो; आजच्या माझ्याकडे त्याच्याइतके पक्के उत्तर नाही. बर्फाला हात लावण्यापूर्वी एका विवरातून किती काढायचे याची मर्यादा ठरावी, एवढी मागणी मी सोडणार नाही. ती कोणी ठरवायची, यावर मात्र माझे स्वतःशीच एकमत होत नाही.