आधी मीटर, मग पाना : उद्यमनगरातल्या आमच्या दुकानाची वाटचाल

१९७८ साली आमच्या आण्णांनी कोल्हापुरात उद्यमनगरात एक छोटा गाळा भाड्याने घेतला, सामान म्हणजे एक व्हाइस, एक टेस्ट लॅम्प आणि उधारीवर आणलेली तांब्याची तार. काम एकच, डायनामो म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र, आणि सेल्फ म्हणजे गाडी चालू करणारी मोटर. फियाट, अँबेसेडर, जीप, उसाचे ट्रक, जे येईल ते. दुकान आण्णांचं म्हणायचे सगळे, पण आर्मेचरचं, म्हणजे डायनामोच्या आत फिरणाऱ्या भागाचं, वाइंडिंग आई घरी करायची हे फार थोड्यांना माहीत होतं. दुपारची भांडी झाली की ती ओट्याशेजारी बसायची, आणि वाइंडिंग झालं की हॅकसॉ ब्लेडचा तुकडा घेऊन कम्युटेटरच्या, म्हणजे आर्मेचरच्या टोकाला जिथून वीज बाहेर घेतात तिथल्या, तांब्याच्या पट्ट्यांमधलं अभ्रक एक एक खाच करत खाली घ्यायची. अभ्रक वर राहिलं तर पट्ट्यांवर घासणारा कार्बन ब्रश उड्या मारतो, ठिणग्या पडतात आणि महिन्यात डायनामो परत दारात येतो. आईने केलेला आर्मेचर सहसा परत आला नाही.

पण एक गाडी परत आली, आणि त्या गाडीनेच आमचं दुकान बदललं म्हणून ती गोष्ट नीट सांगते.

१९९४ चा पावसाळा होता, मी पॉलिटेक्निकला शिकत होते. गडहिंग्लजकडच्या एका डॉक्टरांची जुनी अँबेसेडर आली, चार्जिंगचा लाल दिवा विझत नाही, बॅटरी रोज उतरते. आण्णांनी डायनामो उतरवला, फील्ड कॉइल, म्हणजे आतलं चुंबक तयार करणारी तारेची गुंडाळी, जळालेली होती, नवीन भरली, गाडी गेली. दीड महिन्यात तीच तक्रार, उघडून बघतो तर कॉइल परत काळी. परत भरली, आणि तिसऱ्यांदा डॉक्टर आले तेव्हा ते काही बोललेच नाहीत, नुसते खुर्चीत बसून राहिले. आण्णांचा चेहरा मला अजून आठवतो. माझ्याकडे कॉलेजसाठी घेतलेला व्होल्ट मोजायचा मीटर होता, मी म्हटलं आण्णा थांबा, डायनामो उतरवू नका, आधी गाडी चालू करून बघूया. गाडी चालू करून मीटरची एक तार कटआऊटच्या, म्हणजे डायनामो आणि बॅटरीच्या मधल्या कंट्रोलच्या डब्याच्या, ई (अर्थ) टर्मिनलला लावली आणि दुसरी बॅटरीच्या अर्थच्या, म्हणजे बॉडीला जोडलेल्या, टोकाला. तिथे काटा जवळजवळ शून्यावर पाहिजे, अर्थ म्हणजे अर्थ. तो पाच व्होल्टच्या पुढे गेला.

मग कटआऊटच्या मागे हात घातला. गाडीला मधे कधीतरी रंग दिलेला, अर्थच्या वायरचा थिंबल, म्हणजे टोकाची कडी, रंगावरच आवळलेला आणि खाली हिरवं कीट धरलेलं. आता यात काय होतं बघा, कटआऊटमधला व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर आणि कटआऊटची स्वतःची कॉइल, दोघांनाही अर्थ त्या एकाच टर्मिनलवरून. अर्थ कच्चा झाला की डायनामो किती व्होल्ट देतोय हे रेग्युलेटरला कळतच नाही, तो फील्ड मोकळं सोडून देतो, तिकडे कटआऊट ओढत नाही, म्हणजे त्याचे पॉइंट जुळत नाहीत, म्हणून बॅटरीला काहीच जात नाही, आणि डायनामो स्वतःच्याच व्होल्टेजने स्वतःची कॉइल जाळतो. आम्ही दोनदा जळालेली कॉइल बदलली आणि जाळणारा जागच्या जागी ठेवला. थिंबल घासला, पत्रा चकचकीत केला, नट आवळला, तेवढंच. मग तिसरी कॉइल भरून दिली. आण्णा म्हणाले, "पोरी, हे मी कधी बघितलंच नाही." पहिल्या दोन्ही वाइंडिंगचे पैसे त्यांनी डॉक्टरांना परत दिले, तेव्हा आमच्याकडे जास्तीचे पैसे नव्हते तरी. दुसऱ्या दिवशी भिंतीवर ऑइल पेंटने स्वतःच्या हाताने लिहिलं, आधी मीटर, मग पाना. गाळा बदलला तरी ती पाटी आम्ही परत रंगवून घेतली.

पुढची वर्षं ओढाताणीची होती. मारुती ८०० पासून सगळीकडे डायनामोच्या जागी अल्टरनेटर आला, डायनामो कमी कमी होत गेले. आम्ही डायोड, रेग्युलेटरचं काम शिकलो, गळीत हंगामात ट्रकवर दुकान चाललं. आण्णा गेले, मी आणि भावाने दुकान सांभाळलं. आणि मग हळूहळू जुन्या गाड्या परत यायला लागल्या, या वेळी हौसेने जपलेल्या. पद्मिनी, अँबेसेडर, मॉरिस मायनर, सांगली बेळगाव गोव्याहूनसुद्धा. मॉरिसमध्ये तर जुन्या मॉडेलला बॅटरीचा प्लस बॉडीला असतो, कुणी सवयीने मायनस लावला की कटआऊटचे पॉइंट जळतात, हे आम्ही दोनदा बघितलंय.

आता आमच्याकडे गाडी आली की क्रम ठरलेला. आधी बॅटरी, बंद गाडीत १२.६ च्या आसपास पाहिजे, आणि हायड्रोमीटरने, म्हणजे ॲसिडची घनता मोजायच्या नळीने, सहाही सेल बघायचे, एक सेल जरी बसला असेल तरी चार्जिंगला दोष देऊन उपयोग नाही. मग बेल्ट, अंगठ्याने दाबला की अर्धा इंच. मग डायनामोच्या दोन्ही वायरी काढून डी (आउटपुट) आणि एफ (फील्ड) ही दोन टर्मिनल एकत्र जोडायची, मीटर तिथे आणि बॉडीला, आणि हळूहळू रेस द्यायची. व्होल्टेज झरझर २० पर्यंत चढलं की थांबायचं, डायनामो चांगला आहे, दोष कटआऊट किंवा वायरिंगमध्ये. एक व्होल्टवरच बसलं तर फील्ड, चार-पाचवर अडकलं तर आर्मेचर, काहीच नाही तर कार्बन बघा. पाच मिनिटांचं काम आहे हो, आणि यात पाना जवळजवळ लागत नाही.

अजून एक, डायनामोची गाडी सिग्नलला उभी असताना दिवे मंद होणं हा बिघाड नाही. डायनामो आयडलला चार्ज करत नाही, त्याचा स्वभावच तो. पूर्ण जोरात तो २२ अँपियरच्या आसपास देतो, आणि लोक १०० वॉटचे दोन हॅलोजन टाकतात म्हणजे तिथेच १६-१७ गेले, वर इग्निशन, वायपर, मागचे दिवे. मग रात्रीच्या पावसात बॅटरी बसणारच. रात्री लांबचा प्रवास असेल तर अल्टरनेटर बसवा असं मी स्वतः सांगते, पण रविवारी सकाळी रंकाळ्याला चक्कर मारायची असेल तर मूळ डायनामो काढू नका, माझा जीव तुटतो.

आई आता सत्तरीच्या पुढे आहे, डोळे साथ देत नाहीत, पण गल्लीतल्या दोन मुली तिच्याकडे वाइंडिंग शिकल्या आणि आता दुकानात पगारावर आहेत. आर्मेचर व्हार्निशमधून निघाला की आजही आधी आईच्या हातात जातो, ती नखाने खाच तपासते आणि मग बेंचवर येतो.

गाडी आणणार असाल तर एवढंच करा, आहे तशी आणा. येण्याआधी बॅटरी चार्ज करून आणू नका, आणि चालू गाडीत बॅटरीची वायर काढून चार्जिंग बघायची जी जुनी सवय आहे ती तर अजिबात नको, अल्टरनेटरचे डायोड जागेवर जातात आणि मग आम्हाला दोन दोष शोधायला लागतात.