राजदूत सभागृहात येत नाही

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी संपादकांनी आठवणी मागितल्या आहेत. आठवणी इतर मंडळी लिहितीलच. माझी नोकरी संसदीय प्रश्नांच्या कागदपत्रांत गेली, तेव्हा साताऱ्यातल्या आपल्या मुलांना अभिरूप संसदेत उपयोगी पडेल असंच काही देतो.

अभिरूप संसदेतला हमखास टाळ्यांचा प्रवेश म्हणजे खासदार परकी राजदूताला सुरक्षेवरून फैलावर घेतो तो. दिल्लीत असं होत नाही. राजनैतिक संबंधांवरच्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय व्हिएन्ना कराराच्या कलम ३१ नुसार राजदूतावर साक्ष देण्याची सक्ती नाही आणि कलम ४१ नुसार त्याचा सरकारी व्यवहार परराष्ट्र मंत्रालयामार्फत किंवा ठरलेल्या दुसऱ्या मंत्रालयामार्फत चालतो. भारताने या कराराला १९७२ च्या कायद्याने बळ दिलं. ब्रिटिश संसदेची परराष्ट्र समितीसुद्धा परकी राजदूताला फक्त बोलावू शकते. यायचं की नाही, ते तो ठरवतो.

म्हणून खासदार प्रश्न विचारतो तो आपल्याच परराष्ट्रमंत्र्याला. लोकसभेत पंधरा पूर्ण दिवसांची नोटीस लागते. प्रश्न साधारण १५० शब्दांत बसवायचा. दिवसाच्या यादीत तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचे, प्रश्न २०, तेही सोडतीने. त्यातले निम्मेसुद्धा तोंडी उत्तरापर्यंत पोचत नाहीत, उरलेल्यांची उत्तरं लेखी पटलावर जातात.

खरी मेख शब्दांत असते. ‘अमुक देशाचा राजदूत हेरगिरी करतो हे खरे आहे काय?’ हा प्रश्न दाखलच होत नाही. त्यात आरोप आहे, आणि मित्रदेशाचा अवमानकारक उल्लेख नियमांत बसत नाही. तोच विषय असा मांडा: (अ) वकिलातीच्या कर्मचाऱ्यांनी परवानगीच्या हद्दीबाहेर प्रवास केल्याची माहिती सरकारकडे आली आहे काय, (आ) असल्यास, ती त्या देशाकडे कोणत्या तारखेला व कोणत्या पातळीवर मांडली, (इ) त्यांचे उत्तर काय? आता मंत्री फार तर ‘जनहितार्थ तपशील देता येत नाही’ म्हणतील, पण मग माहिती आली होती हे सूचित होतंच. उपप्रश्नात भाषण करू नका. तारीख आणि पातळी, एवढंच पुन्हा विचारा.

पातळीला एवढं महत्त्व का? राजदूताला सहसचिवाने बोलावलं तर ती नाराजी, परराष्ट्र सचिवाने बोलावलं तर इशारा. त्यापुढे लेखी निषेध, मग कर्मचारी कमी करायला सांगणं, आणि शेवटी कलम ९ खाली ‘पर्सोना नॉन ग्राटा’, म्हणजे नको असलेली व्यक्ती ठरवणं. त्यासाठी कारण सांगावं लागत नाही. समोरचा देशही बहुधा तितकीच माणसं परत पाठवतो, त्यामुळे आपल्या तिथल्या वकिलातीचं काय होईल हे मंत्रालयाला आधी मोजावं लागतं. सभागृहात टेबल बडवणाऱ्यांना हे मोजायचं नसतं!

गोपनीय चौकशीची जागा म्हणजे परराष्ट्र व्यवहारविषयक स्थायी समिती: ३१ सदस्य, त्यात लोकसभेचे २१ व राज्यसभेचे १०. तिथे परराष्ट्र सचिव बंद दाराआड उत्तरं देतात. आपल्या सातारा जिल्ह्याने संसदेतल्या या प्रश्नोत्तरांच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. पदच्युत प्रतापसिंह महाराजांचे वकील रंगो बापूजी लंडनला गेले, तेव्हा ब्रिटिश संसदेत त्यांना बोलता येत नव्हतं. साताऱ्याचा प्रश्न तिथे जोसेफ ह्यूमसारख्या खासदारांनी मांडला. पुढे साताऱ्याचेच खासदार यशवंतराव चव्हाण १९७४ ते १९७७ परराष्ट्रमंत्री म्हणून उत्तरं देणाऱ्या बाकावर होते. चीनकडे पुन्हा राजदूत पाठवण्याचा १९७६ चा निर्णय त्यांच्याच काळातला.

राजदूताला खटल्यापासून आणि साक्षीपासून असलेलं कायदेशीर संरक्षण सोडायचं तर त्याच्या देशाने ते स्पष्ट शब्दांत सोडावं लागतं, असं व्हिएन्ना कराराचं कलम ३२ म्हणतं. मुलांनी वाद घालावा असं त्याचं उदाहरण २०१३ चं आहे. केरळच्या किनाऱ्यापलीकडे दोन मच्छीमार मारल्याचा आरोप असलेले इटालियन नौसैनिक मतदानासाठी मायदेशी गेले, ते परततील अशी हमी राजदूताने सर्वोच्च न्यायालयाला दिली होती. इटलीने शब्द फिरवला, तेव्हा न्यायालयाने राजदूतालाच देश सोडण्यास मनाई केली. प्रतिज्ञापत्र दिल्याने संरक्षण गेलं की नाही, याचा निकाल लागायच्या आधीच २२ मार्चला नौसैनिक परत आले आणि तो मुद्दा तसाच राहिला.