बाविशीत किती झोपायचात?

डॉक्टरांनी दंडावरचा रक्तदाबाचा पट्टा सोडला, आकडा लिहिला आणि विचारलं, "बाविशी-तेविशीत किती तास झोपायचात?"

मी गडबडलेच. मीठ, चालणं, गोळ्या, सगळं सांगायची तयारी होती. ते मात्र वीस वर्षं मागे गेले. घर कधी सोडलंत? पहिली नोकरी रात्रपाळीची होती? लहानपणी घरात भांडणं, मारहाण?

शेवटच्या प्रश्नाला "नाही" म्हणाले. दंडावर उमटलेल्या पट्ट्याच्या वळावरून बोट फिरवत. खोटं बोलले.

घरी येऊन वाचत बसले. १९९८ साली अमेरिकेत फेलिटी आणि आंडा या डॉक्टरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. लहानपणी मारहाण, घरातलं व्यसन, आईवर होणारी हिंसा, असे जितके जास्त प्रकार वाट्याला आलेले, तितकं मोठेपणी हृदयविकाराचं प्रमाण जास्त. तिथेच १९८५-८६ मध्ये १८ ते ३० वयाच्या पाच हजारांवर तरुणांना घेऊन 'कार्डिया' अभ्यास सुरू झाला. हृदयविकाराची मुळं तरुणपणातच शोधायची म्हणून.

धोका वाढतो म्हणजे आजार होणारच, असं नाही. हे स्वतःला दोनदा बजावलं.

तरी त्या काळात "तरुण आहेस, निभावून जाईल" म्हणणारे सगळे आठवले. चार तासांची झोप, उभ्याउभ्या जेवण. किती झोपतेस, असं एकानेही विचारलं नव्हतं.

भाचीला नुकतीच पहिली नोकरी लागलीय, एकटी राहते. दर फोनला मी पगार आणि काम विचारते.

आज झोपेचं विचारणार आहे. तुम्हाला त्या वयात कुणी विचारलं होतं?