कालनिर्णयच्या चौकोनातला हेलसिंकीचा हिवाळा

आई कालनिर्णयवर दुधाचा हिशेब लिहिते. दूधवाला आला नाही की फुली, पाहुणे आले की ‘१ जादा’, सिलिंडर लावला त्या तारखेला गोल. हेलसिंकीतल्या दुसऱ्या हिवाळ्यात मीही तेच सुरू केलं, फक्त दुधाऐवजी स्वतःचा हिशेब.

डिसेंबरच्या शेवटी इथे सूर्य जवळजवळ साडेनऊला उगवतो आणि सव्वातीनला मावळलेला असतो. भिंतीवरच्या कालनिर्णयात सूर्योदय मुंबईचा, सातच्या आसपासचा. पहिल्या हिवाळ्यात मी सगळं खापर अंधारावर फोडलं. झोप येत नाही, अंधार. चिडचिड, अंधार. आईला फोन करायचा राहिला, तोही अंधारामुळेच!

मग रोज चौकोनात खुणा: कॉफी किती, शेवटचा कप कधी, दुपारी बाहेर पडले का, आणि रात्री मनाला ५ पैकी गुण. (ॲप वापरून पाहिलं होतं. दर दोन तासांनी ‘कसं वाटतंय?’ विचारायचं, त्यानेच वाईट वाटायचं.)

महिन्याने पाहिलं, तर बाहेर पडले त्या दिवशी ४, नाहीतर २. सापडलं औषध! नवरा म्हणाला, “अगं, मूड बरा असतो म्हणूनच तू बाहेर पडतेस.” राग आला, पण मुद्दा बिनतोड होता. मग तीन आठवडे सकाळी नाणं उडवलं. छापा आला तर साडेबाराला अर्धा तास चालायचं, बर्फ असो की चिखल. काटा आला तर आतच. पर्सच्या तळाशी सापडलेला रुपयाच होता तो.

चालण्याचा फरक उरला, पण निम्माच. बाकीचं गणित कॉफीत अडकलं होतं, आणि ते दिसत नव्हतं कारण मी चुकीचा चौकोन बघत होते. इथे कॉफीची सुट्टी कामगार करारांत लिहिलेली असते, तीन वाजताही ऑफिसातलं भांडं भरलेलं. त्या कपातलं निम्मं कॅफिन रात्री आठ-नऊलाही अंगात असतं. त्या दिवशीचे गुण छानच. पडायचे ते दुसऱ्या दिवशीचे.

दोननंतरची कॉफी बंद केली आणि पानाचा फोटो आईला पाठवला. तिने कॉफीबद्दल चकार शब्द काढला नाही.

“१९ तारखेला काहीच लिहिलं नाहीस,” ती म्हणाली. “फोनही नव्हता तुझा त्या दिवशी.”